तू होतास का तिथं?

आमच्या घरात भांडणं व्हायची ती पवित्र शास्त्रावरून, म्हणजे बायबलवरून. जमिनीवरून भांडायला जमीन नव्हती, आणि सुनेवरून भांडायला आईला सवड नव्हती. दर रविवारी उपासना आटोपली की मी आई-बाबांना छावणीतल्या चर्चमधून घरी आणायचो. आई चहा टाकायची, आणि कप खाली ठेवायच्या आत बाबा म्हणायचे, "हं, बोला मास्तर." मी कॉलेजात इतिहास शिकवतो. एरवी बाबा मला नावानं हाक मारत. मास्तर फक्त वादापुरता.

बाबांनी आयुष्यभर गॅरेजात इंजिनं उघडली आणि निवृत्तीनंतर चर्चच्या मंडळीचं पंचपण सांभाळलं. त्यांचं मत ठाम होतं. शास्त्रातली पहिली पाच पुस्तकं मोशेनं लिहिली आणि येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं ज्यांच्या नावावर आहेत त्यांनीच लिहिली. माझं मतही तितकंच ठाम होतं. मी म्हणायचो, मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या शेवटी मोशे मरतो, त्याला पुरतात, लोक शोक करतात. स्वतःच्या मयतीची हकिगत कोण लिहितं? बाबा म्हणायचे, तेवढा तुकडा त्याच्या मागून आलेल्यानं लिहिला. मग मी विचारायचो, एक तुकडा दुसऱ्याचा असेल तर बाकीचे तुकडे तिसऱ्या-चौथ्याचे नसतील कशावरून?

माझा आवडता मुद्दा दान गावाचा. अब्राहाम शत्रूच्या मागे दानपर्यंत गेला असं उत्पत्तीत, म्हणजे पहिल्याच पुस्तकात आहे, आणि त्या गावाला दान हे नाव पडलं अब्राहामानंतर कित्येक पिढ्यांनी, हेही त्याच शास्त्रात पुढं आहे. जुन्या गोष्टीत नवं नाव आलं की लिहिणारा नंतरचा, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवतो. बाबा हे सगळं नीट ऐकून घ्यायचे. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"तू होतास का तिथं?"

"तुम्ही तरी होतात का?"

"नाय. म्हणून तर जे व्हते त्यांचं ऐकतो."

मी म्हणायचो, तिथंच तर घोडं अडतं. जे होते त्यांनी लिहिलेलं नाही. येशूचे शिष्य गालीलातले कोळी, अरामी बोलणारे, आणि पुस्तकं चांगल्या ग्रीकमधली, तीही घटनेनंतर कित्येक वर्षांनी लिहिलेली. बाबा यावर आमच्या आजोबांचं उदाहरण द्यायचे. आजोबा करमाडजवळच्या खेड्यात राहायचे. अंगठेबहाद्दर. विहिरीवर बाप्तिस्मा कसा झाला, गावानं पाणी कसं बंद केलं, हे ते मरेपर्यंत सांगत राहिले, आणि मंडळीच्या मासिकात ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं. बाबा म्हणायचे, त्यांना लिहिता येत नव्हतं, सांगता तर येत होतं ना? याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जरा लंगडं होतं हे मला आतून कळायचं.

एकदा त्यांना वेरूळला नेलं. कैलास लेण्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मेकॅनिक माणूस, वरून खाली कोरत आणलंय हे कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. परतताना गाडीत म्हणाले, एवढं काम करणाऱ्यानं कुठं नाव नाही टाकलं, मग लेणं खोटं का? मी म्हटलं, लेणं खरंच आहे. पण राजानं स्वतः छिन्नी घेऊन कोरलं असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार. ते हसले आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

सगळ्यात जास्त भांडण व्हायचं येशूच्या रिकाम्या कबरेवरून. पहाटे तिथं कोण बाया गेल्या? एका शुभवर्तमानात एकच नाव, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. एकात अंधार आहे, एकात सूर्य उगवलेला आहे. बाबांकडे याची जोडणी तयार असायची. एक बाई एकटी पुढं गेली, अंधार होता. बाकीच्या मागून आल्या, तोवर उजाडलं. "बाया काय परेड करत जात्यात का?" मी म्हणायचो, बाबा, हे ठिगळ आहे. तुम्ही चार गोष्टींची एक पाचवी गोष्ट बनवताय, जी चौघांपैकी कुणीच सांगितलेली नाही. ते म्हणायचे, ठिगळ तर ठिगळ, फाटका सदरा घालून फिरण्यापरीस बरं.

शेवटच्या वादात मात्र ते हसले नाहीत. हृदयाच्या दुखण्यानं दवाखान्यात राहून नुकतेच घरी आले होते. मी नेहमीच्याच जोरात म्हटलं, की लिहिणाऱ्यांपैकी एकही जण तिथं हजर नव्हता आणि हे आता मान्य करून टाका. बाबांनी शास्त्र मिटलं, त्याच्या कापडी पिशवीत घातलं आणि म्हणाले, "बस झालं मास्तर. आता ह्याच्यावर आपुन बोलायचं नाय." पुढच्या रविवारी ते नळाला पाणी कधी येणार, टाकी किती भरली, यावर बोलले. मला नावानं हाक मारली. माझा मुद्दा बरोबर होता, आजही आहे. पण तो चहा काही गोड लागला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा गेले. मी कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीवर होतो आणि मोबाइल नियमाप्रमाणे बाहेर जमा केलेला होता. घरी पोचलो तेव्हा ताई त्यांचे हात नीट करत होती आणि आई पायाशी बसली होती. शेवटी या दोघीच जवळ होत्या.

पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली, दफन उद्या सकाळी ठरलं. मग ते मला म्हणाले, जीवनचरित्र तुम्हीच लिहा, तुमचा हात चांगला आहे. आमच्यात मयताच्या उपासनेत गेलेल्या माणसाचं जीवनचरित्र वाचतात. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, नोकरी, मंडळीतली सेवा, आणि अखेरीस शेवटची घटका: काय म्हणाले, कसे गेले. बाकीचं लोक खोकत ऐकतात, शेवटाला चिडीचूप होतात. पाळकसाहेबांनी तोही सुचवला. स्तोत्र म्हणत प्रभूमध्ये निजले, असं लिहा. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, बहुतेकांचं असंच असतं.

मला स्तोत्राशी देणंघेणं नव्हतं. बाबा माझ्यावर रागावून गेले का, एवढंच मला कळायला हवं होतं. शेवटी त्यांनी माझं नाव काढलं का, हे विचारायला जीवनचरित्राचं निमित्त बरं होतं. कागद-पेन घेऊन मी आधी ताईकडे गेलो. ताई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. उगाच एक शब्द जास्त बोलत नाही. ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती द्यावी तसं तिनं सांगितलं.

"पाणी मागितलं. दोन घोट घेतले. मान कलली. नाडी बघितली, लागत नव्हती."

"आणखी काही बोलले?"

"नाय रे. पाणी, एवढंच."

मी ते लिहून घेतलं. वाईट वाटलं, पण शंका आली नाही.

आईभोवती मंडळीतल्या बाया बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो. मी काही विचारायच्या आतच ती समोर बघत म्हणाली, "तुझं विचारलं त्यांनी. म्हणले, मास्तर आला का?"

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. आणि लाज वाटते सांगायला, पण डोकं आपलं नेहमीचं काम करू लागलं. दोन साक्षी आहेत. एक आधीची, साधी, जिच्यात कुणाचा काही फायदा नाही. दुसरी नंतरची, चार माणसांत सांगितलेली, आणि ज्याच्या जिवाला बरं वाटावं त्यालाच ऐकवलेली. कुठल्याही विद्यार्थ्यानं दुसरीवर विश्वास ठेवला असता तर मी त्याचे मार्क कापले असते. तिच्या बाजूनं एकच गोष्ट होती. आई मला कधी मास्तर म्हणत नाही. तिनं मनानं रचलं असतं तर नाव घातलं असतं. पण हा शब्द तिनं दर रविवारी चहा टाकताना ऐकलेला होता, तेव्हा याही मुद्द्यात दम नव्हता.

मी म्हटलं, ताई म्हणते पाणी मागितलं.

"मागितलं ना. पाणी प्याले. ती गिलास ठेवाया आत गेली, तवा विचारलं."

ही तर सरळसरळ कबरेवरच्या बायांची जोडणी झाली. एक पुढं, बाकीच्या मागून. मला हसू यायला लागलं आणि येता येता त्याचं रडं झालं. बायांनी पाठीवर हात ठेवले. तरी मी सोडलं नाही. म्हटलं, आई, ताई म्हणते मान कलली तेव्हा ती तिथंच होती.

आईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तू होतास का तिथं?"

मी कागद घडी घालून खिशात ठेवला.

संध्याकाळी औरंगपुऱ्यातल्या एका टायपिंगच्या दुकानात बसून मी जीवनचरित्र पुरं केलं. वर बाबांचा फोटो, खाली मजकूर. शेवटी लिहिलं: पाणी प्याल्यानंतर त्यांनी धाकट्या मुलाची चौकशी केली, "मास्तर आला का?" असं विचारलं आणि ते प्रभूमध्ये निजले. ताईची साक्ष आणि आईची साक्ष मी एका वाक्यात बसवली. असं वाक्य त्या दोघींपैकी कुणीच बोललेलं नव्हतं. ज्याला मी इतकी वर्षं ठिगळ म्हणत आलो, ते मी स्वतः, शुद्धीत, दुकानदाराकडून दोनदा वाचून घेऊन लावलं.

सकाळी वाचायला उभा राहिलो तर पहिल्याच ओळीला अडलो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील करमाडजवळच्या खेड्यात जन्म, असं लिहिलेलं होतं. बाबा जन्मले तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं आणि जिल्हा औरंगाबाद. टायपिंगवाल्याची चूक नव्हती, मीच तसं लिहून दिलं होतं. दान गावाचा मुद्दा ज्यांच्या डोक्यावर आयुष्यभर आपटला, ते समोर पेटीत पडले होते. मांडी थोपटून हसले असते. मी ओळ तशीच वाचली आणि पुढं गेलो.

शेवटाला चर्चमध्ये चिडीचूप झालं. ताई पहिल्या बाकावर होती, गीतांच्या पुस्तकाच्या पाठपुठ्ठ्याकडे बघत. ती काही म्हणेल असं मला दिवसभर वाटत होतं. संध्याकाळी तिनं फक्त विचारलं, जेवलास का. पाळकसाहेबांना शेवट फार आवडला. दफनभूमीतून परतताना लोक तेच बोलत होते. मास्तर आला का म्हणून विचारत गेले बिचारे. त्यातल्या एकानं तर बाबांनी दाराकडे हात केला होता असंही मला सांगितलं. तो त्या दिवशी जालन्याला होता.

वर्ष झालं तेव्हा घरीच आठवणीची प्रार्थना ठेवली. तीच खोली, बाबांची खुर्ची भिंतीला लावलेली. पाळकसाहेब म्हणाले, कुणाला साक्ष द्यायची असेल तर द्यावी. ताई कधी उठत नाही. त्या दिवशी उठली. पदर खांद्यावर घेतला आणि ड्यूटी बदलतानाच्या त्याच कोरड्या आवाजात म्हणाली, "बाबांनी पाणी मागितलं. मी दिलं. गिलास ठेवायला आत गेले, तर आतून ऐकलं. मास्तर आला का, म्हणले."

आई डोळे मिटून "व्हय" म्हणाली.

ताई बसली. मला किती प्रश्न सुचले ते सांगायला नको. आतलं घर तिथून किती लांब, मग त्या दिवशी मला वेगळं का सांगितलंस, आणि नाडी कुणी बघितली. सगळे प्रश्न बरोबर होते. ताईनं एकदाच माझ्याकडे बघितलं, मी विचारतो की काय म्हणून.

मी विचारलं नाही. मी तिथं नव्हतो.