गमळीबाई बहिरी नव्हती

"हां, आता नुसते ओठ हलव," सरपंच म्हणाले.

मी हलवले.

पंचायतीच्या ओट्यावर तालुक्याहून आलेले पुढारी बसले होते. मी खाली धुळीत उभा. हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. आधी मला जोरात दवंडी द्यायला लावली. मग हळू. मग ही अशी, बिनआवाजाची. पाहुणे पोट धरून हसले. एकाच्या बशीतला चहा सांडला.

"हे आमचं रेडिओचं बटन हाय," सरपंच म्हणाले. "फिरवलं तसं वाजतं."

मीही हसलो. ते हसणं अजून तोंडात आहे, घासात खडा लागावा तसं.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. गाव हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अंगाला. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत होतो. बाप गावकीची हलगी वाजवायचा. आम्ही बुद्धाच्या वाटेला लागलो तेव्हा वस्तीनं ठरवलं, हलगी बंद. बापानं ती आढ्याला टांगली. पुढं नोकरी लागली तेव्हा मी डबा घेतला. मला वाटलं, आपण सुटलो. कशाचं सुटलो! कातडं गेलं, पत्रा आला. हुकूम तोच राहिला.

ग्रामसभा भरवायची तर दवंडी द्यावीच लागे. सरपंच तिला कधी नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणायचे, "वढ्यापल्याड लई वरडू नको." ओढ्यापलीकडं बंजाऱ्यांचा तांडा. मी अलीकडच्या काठावर उभा राहायचो. डब्यावर दोन बोटं वाजवायचो, पुटपुटायचो, मागं फिरायचो. दवंडी दिल्यासारखी व्हायची आणि तांड्याला पत्ता लागायचा नाही.

एका उन्हाळ्यात तांड्यासाठी बोअर मंजूर झाला. जागा सभेत ठरायची होती. सभेला सरपंचांची भावकी तेवढी आली. बोअर सरपंचांच्या आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या गोठ्यापाशी, घ्यायचं ठरलं. हात वर झाले. सर्वानुमते.

तेवढ्यात गमळीबाई पुढं आली. तांड्यावरची. दळण घेऊन गिरणीवर आली होती, गर्दी दिसली म्हणून वळली. पिठाचा डबा खाली ठेवून म्हणाली, "तांड्यावर दवंडी न्हाई आली. बोर आमचा, आन आमालाच इचारलं न्हाई?"

सरपंचांनी माझ्याकडं पाहिलं. "काय रे, दिली व्हती ना?"

"दिली, मालक."

"मंग हिला काहून ऐकू न्हाई गेली?"

पुढचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं होतं. "बाई कानानं कमी असंल."

सभा खदखदून हसली. त्या दिवसापासून गमळीबाई गावाची बहिरी झाली. पोरं तिच्या मागून टाळ्या वाजवत. दुकानदार कानाशी येऊन ओरडून भाव सांगे. आणि तांड्यातल्या बाया ओढ्याच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीनं पाणी भरत राहिल्या.

मला कुणी मारलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. भीती म्हटलं की लोकांना काठ्या दिसतात. माझी भीती साधी होती. थोरल्याला सरपंचांच्या शाळेत चिकटवायचं होतं. बायको त्यांच्याच रानात निंदायला जायची. चारचौघांत सरपंच माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. तो हात निघून जाईल, याची भीती. वस्तीत जयंतीला मी समतेवर मोठ्यानं बोलायचो. ओढ्यावर गेलो की पुटपुटायचो.

पुढच्या वर्षी पोलिओच्या डोसाची दवंडी आली. ती मात्र तांड्यात शिरून दिली. गमळीबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती.

"दादा, पोलिओचा डबा मला ऐकू येतो," ती म्हणाली. "कुत्रं पिसाळलं, त्याचा बी आला. सभेचाच काहून येत न्हाई?"

मी डबा काखेत मारून वळलो.

"मी बहिरी हाव, का तू मुका?"

त्यानंतरच्या सभेला सरपंच म्हणाले, "नेहमीसारखी दे." मी ओढा ओलांडला. तांड्याच्या मधोमध उभा राहून डबा असा बडवला की पत्रा चेपला. सभेला तांडा आला. बाया रिकाम्या घागरी घेऊन पुढं बसल्या.

"आज लई वरडलास?" सरपंच दात आवळून म्हणाले.

"दवंडी हाय, मालक. ऐकू जायलाच असती."

दिवाळीआधी माझी नोकरी गेली. बोअर आखाड्यावरच राहिला.

वस्तीतली पोरं आता हे जयंतीच्या भाषणात सांगतात. मला हार घालतात. पण ती अर्धंच सांगतात, कारण मी त्यांना अर्धंच सांगितलं. तांडा आला त्या भरल्या सभेत गमळीबाई माझ्या पुढ्यात बसली होती. माझ्याकडं बघत होती. "हिला ऐकू येतं, मी खोटं बोललो," एवढंच म्हणायचं होतं. मी डब्याकडं बघत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. बाजारात कुणी म्हणालं, "तांड्यावरली बहिरी गेली म्हन." मी मान हलवली. पुन्हा नुसतीच मान.

आता सरपंचांचा मुलगा सरपंच आहे. माझा थोरला त्यांच्याच शाळेत शिपाई आहे. काल म्हणाला, "आबा, झालं गेलं. काहून उकरून राहिलेत? मला तिथंच खायचंय." खोटं नाही त्याचं. मी त्याला जमीन देऊ शकलो नाही. भीती तेवढी दिली.

सोमवारी ग्रामसभा आहे. आता लाऊडस्पीकरवर पुकारतात, मला कुणी बोलावलेलं नाही. मी माळ्यावरून डबा काढलाय. चेपलाय, पण वाजतो. सुरुवात पंचायतीच्या ओट्यापुढून करणार, जिथं ओठ हलवले तिथून. मग सगळं गाव, मग ओढा, मग तांडा.

ऐका हो ऐका. गमळीबाईला ऐकू येत होतं. दवंडी दिलीच नव्हती. मी खोटं बोललो. आखाड्यावरला बोअर तांड्याचा हाय.

आणि या खेपेला आवाज किती ठेवायचा, ते मी ठरवणार.