तहान न्हाय गं

अनगोळच्या शरदअण्णांनी पाणी पिणंच सोडलं होतं. अर्धांगानं डावी बाजू गेलेली. पाणी प्यालं की मोरीला जाणं आलं, आणि मोरीला जायचं तर शेजारच्या सूरजला हाक मारायची, त्यानं उचलून उभं करायचं. ज्याच्या एका खाकरण्यानं अख्खं ऑफिस गप्प व्हायचं, त्या माणसाला हे मरणाहून वाईट वाटायचं. लघवीला आग व्हायची, ओठांना भेगा पडायच्या, पण बायकोनं विचारलं की म्हणायचे, "तहान न्हाय गं."

बायको विनोदिनीबाई शाळेत शिकवायच्या. अंग सुटलेलं, चार पायऱ्या चढल्या की धाप. नवऱ्याला आपणच उचलायचं, असं त्यांनी ठरवलं आणि आधी वजन उतरवायला काय करावं? उपास! आपल्याकडं बाईमाणसाला दुसरं सुचतंय कुठं? सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवारही सोडला नाही. शेजारच्या शालूबाई म्हणाल्या, "लई वाळलीस की गं!" बाई खूश. त्याच आठवड्यात अण्णांना उठवायला गेल्या, हातातली शक्तीच सरली, आणि दोघंही फरशीवर आदळली. अण्णांच्या कपाळाला खोक पडली. शेवटी सूरजच धावत आला. त्या दिवसापासून अण्णा चहासुद्धा अर्धाच घेऊ लागले.

बाई पोटभर रडल्या आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तिथं शिकवणारी प्रियदर्शनी खानापूरकडची, तोंडानं फटकळ. सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, उपासानं चरबी गेली, तशी ताकदबी गेली की! भात, साखर कमी करा. उसळ, दही, अंडी खावा. आन् वजन उचला."

"अंडी आमच्यात चालत न्हाईत."

"मग पनीर खावा. पण खावा!"

गुडघे वाकवायचे, पाठ ताठ, वजन अंगाशी. बाई रोज शाळा सुटली की लोखंड उचलत राहिल्या. "ह्या वयात पैलवानकी व्हय?" शालूबाईंनी टोमणा मारला. महिने गेले तसं पोट उतरलं, दंड भरले. काट्यावरचा आकडा मात्र फारसा हलला नाही.

एका रविवारी दुपारी त्या पलंगापाशी वाकल्या. अण्णा घाबरले. "सूरजला बोलाव."

"गप्प बसा हो."

बाईंनी त्यांना कवेत घेतलं, गुडघ्यांवर जोर दिला आणि उभं केलं. धरून मोरीपर्यंत नेलं, परत आणून बसवलं. मधे कुणालाच हाक मारली नाही. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले. खांदे हलत होते.

मग तोंड न वळवताच म्हणाले, "विनू, तांब्या भरून आण गं. केव्हापास्नं लई तहान लागलीय."