पिकअपचा फाळका

म्हसवडच्या बैलगाडी शर्यतीत आमचा बैल गट, सेमी आणि फायनल अशा तिन्ही फेऱ्या एकाच दिवसात पळाला. लगेच त्याला पिकअपमध्ये चढवून आटपाडीचं मैदान, मग तासगावचं. "लय हौशी हाय गड्या, थकतच न्हाई," जोडीला स्वतःचा बैल देणारा मित्र म्हणाला आणि मीही गाढवासारखी मान डोलावली. तासगावात बैल लंगडला. डॉक्टरांनी हंगामभर पळवणं बंद करायला लावलं.

गेल्या आठवड्यात वैरण आणायला पिकअप सुरू केली. आवाज ऐकून गोठ्यात बसलेला बैल धडपडत उठला, लंगडत आला आणि चढायला मागच्या फाळक्यापुढे उभा राहिला. मी इंजिन बंद केलं, तरी हटेना.

तेव्हापासून वैरण मी डोक्यावर आणतो. घरच्यांनी विचारलं, तर पिकअप बिघडलीय म्हणून सांगतो.