थूल सरांचा समुद्र

थूल सरांच्या वर्गात प्रश्न विचारायची सोय नव्हती. कुणी हात वर केलाच तर सर खडू खाली ठेवायचे, चष्म्यावरून बघायचे आणि शांतपणे विचारायचे, "सर कोन हाय? तू का मी?" हात आपोआप खाली यायचा. वडनेरला त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. कधी कुणावर हात उगारला नाही, तरी आम्ही त्यांना टरकून असायचो आणि त्यांच्यावर जीवही टाकायचो. दहावीनंतर मला पुढे शिकवायला घरचे तयार नव्हते, तेव्हा सर सलग तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. भांडले नाहीत, नुसते बसले. चौथ्या दिवशी बाबाच म्हणाले, "जाऊ द्या तिले."

समुद्र हा त्यांचा लाडका धडा. लाटा खडक कसा पोखरतात, आधी गुहा आणि मग तिची कमान कशी होते, हे ते अगदी रंगून सांगत. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनीही पाहिलेला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे बँकेच्या नोकरीत माझी कोकणात बदली झाली आणि तिथल्या किनाऱ्यावर मला सरांची कमान सापडली. काळ्या खडकाची भिंत पाण्यात शिरलेली आणि तिच्यात आरपार भोक, बैलगाडी जाईल एवढं. गावातले लोक त्याला नेढं म्हणायचे. मी फोटो पाठवला. लगेच सरांचा फोन. "दिवाळी झाली का येतो. तुह्या काकूलेही आणतो. तिनं बिचारीनं नागपूरपल्याड काईच पाह्यलं नाई."

आले दोघंही. नेढ्यापाशी सर कितीतरी वेळ खडकावर हात फिरवत उभे होते. "हेच शिकवलं ना मी? पाह्य, जसंच्या तसं हाय." त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला, हेही सांगून टाकते.

ओहोटी होती. नेढ्यातून कोरड्या पायांनी पलीकडे जाता येत होतं. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका बाईंनी बजावलं, लवकर परत या, पाणी फिरेल. सरांनी ऐकून घेतलं आणि चालू लागले. पलीकडे वाळूचा छोटासा तुकडा, बाकी सगळीकडे खडक. काकूंचे गुडघे दुखत होते, त्या दगडावर टेकल्या. सरांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "आभाळ कोरं हाय. बस निवांत."

आमच्याकडे नदीत उतरण्याआधी सगळे हेच करतात. वरच्या अंगाला ढग नसला की पाणी वाढत नाही. भरती-ओहोटी तीस वर्षं शिकवलेला माणूस ऐन वेळी नदीवरच्या सवयीनं वागला. मी तर तिथे तीन महिने राहत होते. मला कळायला हवं होतं आणि खरं सांगायचं तर कळलंही होतं. नेढ्यातली वाळू ओली झालेली मी पाहिली होती. पण सर खडकाचे थर समजावून सांगत होते आणि मी पुन्हा दहावीतली झाले होते.

निघालो तेव्हा नेढ्यात कमरेएवढं पाणी होतं. काकूंना दोघांनी मिळून धरलं. निम्म्यात एक लाट आली आणि काकू आमच्या हातून सुटून खडकावर आपटल्या. त्या बाईंनी आरडाओरडा करून माणसं गोळा केली, म्हणून तिघंही बाहेर आलो. काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यांचं धड चालणं गेलं ते गेलंच.

नंतर मी त्यांना भेटायला वडनेरला गेले. घरात भेटायला आलेली माणसं होती. काय झालं असं कुणी विचारलं की मी सांगायचे, अचानक लाट आली. सर खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होते.

"अचानक नाई आली," ते म्हणाले. "वेळेवर आली. मलेच समजलं नाई."

"जाऊ द्या ना आता," काकू पडल्या पडल्या म्हणाल्या. "समुद्र तं पाह्यला मी."

माणसं गेल्यावर सरांनी मला जवळ बसवलं. "तुले समजलं होतं का?"

"हो सर. वाळू ओली झालती."

"मंग बोलली काऊन नाई?"

मी म्हणाले, "तुमी सांगून राह्यले होते, सर."

"तीस वर्ष पोराईले गप्प बसवलं," ते म्हणाले. "त्याचं हे असं झालं. मी मेल्यावर तरी हे लोकाईले सांगजो."

या हिवाळ्यात सर गेले. शोकसभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. सरांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची, असं जो तो कौतुकानं सांगत होता. पुढच्या रांगेत काकू खुर्चीवर बसल्या होत्या, वॉकर शेजारी. माझं नाव पुकारलं गेलं. मी उठले, माइक हातात घेतला. सगळे गप्प होऊन बघत होते. सर फार शिस्तीचे होते, एवढंच मी म्हणाले आणि खाली बसले.