कोळंबीच्या पोटासाठी

उमरग्याजवळच्या आमच्या शेततळ्यात मी कोळंबी सोडली, तेव्हापासून आईनं तळ्याकडं जाणंच बंद केलं. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. मी मात्र हट्टाला पेटलो होतो. कोळंबीचं पोट बरं राहावं म्हणून खाद्यात उपयोगी जिवाणू मिसळतात. त्यांची पुडीत मिळणारी भुकटी मी गुळाच्या पाण्यात कालवून ड्रममध्ये आंबवायचो, मग ते पाणी खाद्यावर शिंपडायचो. ऊब हवी म्हणून ड्रम न्हाणीच्या चुलीजवळ ठेवला होता. आई नाकाला पदर लावून त्याला वळसा घालायची. "लई घाण मारतंय," म्हणायची. मी ऐकून सोडून द्यायचो.

एका संध्याकाळी शेजारचा कोळंबीवाला तांब्या घेऊन आला. त्याची पुडी संपली होती. आमच्यातलं थोडं पाणी नेऊन तो नवं आंबवणार होता. मी झाकण काढायला वाकलो, तेवढ्यात आई देवापुढं दिवा लावून बाहेर आली आणि तिनं झाकणावर हात ठेवला.

"सकाळी या," ती त्याला म्हणाली. "दिवे लागल्यावर आमी घरातलं विरजण देत न्हाय."