उसाच्या हंगामातलं अज्ञात वाहन

‘अज्ञात वाहन’ हे शब्द पेपरात दिसले, की आमच्या ठाण्यातली ती केस माझ्या डोळ्यांपुढं उभी राहते. मी अधिकारी नव्हते. पोलीस ठाण्यात सफाईचं आणि चहापाण्याचं काम करून निवृत्त झाले. शाळा चौथीपर्यंत, त्यात चारचौघांत बोलायची लाज. त्यामुळं नोकरीभर बोलले कमी आणि ऐकलं जास्त. आमच्या मॅडमनी ही केस कुठं लिहून ठेवली असेल असं वाटत नाही, म्हणून माझ्यापुरती मी लिहिते. नावं कुणाचीच घालत नाही.

साखर कारखाने सुरू होते. कुरुंदवाडकडं जाणाऱ्या रस्त्यावर, चढाला, दिवस मावळताना एका मोटारसायकलवाल्याचा अपघात झाला. ठाण्यात फोन आला, “वडापच्या जीपनं उडवलंय. जीप तिथंच थांबलीती, मी बघितलोय.” फोन करणाऱ्यानं नंबरही सांगितला. सकाळी ती वडापची, म्हणजे गावोगाव पाशिंजर भरून नेणारी, जीप आमच्या आवारात होती आणि तिचा ड्रायव्हर बाकड्यावर. जखमी माणूस कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होता. त्याच्या गावची माणसं फाटकाशी जमली होती आणि आजच्या आज अटक करा म्हणत होती.

मी चहा घेऊन आत गेले तेव्हा हवालदार त्या ड्रायव्हरला विचारत होते.

“सीटवर रक्त कुणाचं?”

“त्याचंच की. मीच उचलून दवाखान्यात नेलो. पाशिंजरास्नी खाली उतरवलो आन नेलो.”

“उडवलास म्हणून नेलास.”

“उडवलो असतो तर पळालो नसतो व्हय? हवालदारसाहेब, माझी जीप बगा. दिवा फुटला न्हाई, पत्रा चेपला न्हाई. काय फुकून उडवलो त्याला?”

“लई बोलतोयस.”

“वडाप चालवतोय. न्हाई बोललो तर पाशिंजर कोण बसणार?”

त्याची बायको बाहेर पायरीवर बसून होती. मी पाणी दिलं तर घेईना. म्हणाली, “अक्का, तोंडाचा वाईट हाय ओ ह्यो. पण पडलेल्या माणसाला सोडून यायचा न्हाई. लायसन गेलं तर जीप इकावी लागंल, मग आमी करायचं काय?” मी नुसती शेजारी बसले.

आमच्या ठाण्याच्या प्रमुख तेव्हा एक बाई होत्या, त्याच आमच्या मॅडम. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी पंचनामा वाचला, जीपभोवती एक फेरी मारली आणि केबिनमध्ये जाऊन संगणकापुढं बसल्या. बदली होऊन आल्यापासून त्यांनी एक काम चालवलं होतं. आमच्या हद्दीतले जुने सगळे अपघात, कपाटातल्या एकेका केसमधून काढून, त्या संगणकातल्या नकाशावर घालत होत्या. एका अपघाताला एक लाल ठिपका. जेवणाच्या सुट्टीतही तेच. हवालदार मागं म्हणायचे, “मॅडम रांगोळी काढायला बसल्यात.”

त्या दिवशी त्यांनी हवालदारांना आत बोलावलं. मी कप गोळा करत होते, मला कुणी जा म्हणालं नाही.

“हा चढ बघा,” मॅडम म्हणाल्या. चढावर ठिपक्यांचा पुंजका होता. “यातल्या बहुतेक केसमध्ये धडक कुणाची लिहिलीय?”

“अज्ञात वाहन.”

“आता कारखाने बंद असतानाचे तेवढे अपघात दाखवते.” त्यांनी एक बटण दाबलं. पुंजका गेला, चढ मोकळा झाला. “ही अज्ञात वाहनं फक्त उसाच्या हंगामातच कुठून येतात?”

हवालदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

मॅडम लगेच अपघाताच्या जागेवर गेल्या. परत आल्या तेव्हा पोलिसांच्या जीपमधून एक भलामोठा दगड उतरवला. त्यावर टायर घासल्याचा काळा डाग होता. चढाला डांबरावर जॅक टेकवल्याची खूण होती आणि उसाचा पाला पडला होता, असं हवालदारांनी सांगितलं. मग मॅडमनी चढाखालच्या पंक्चरवाल्याला विचारलं. अपघाताच्या दिवशी चढावर कुणाच्या उसाच्या ट्रॉलीचं चाक काढलं, ते त्यानं सांगितलं. दुपारी ट्रॅक्टरवाला ठाण्यात हजर. साधा माणूस, अंगावर उसाच्या पाल्याची बारीक कूस तशीच चिकटलेली.

“ट्रॉली बंद पडली तेव्हा काय केलंस?” मॅडमनी विचारलं.

“मागं दगडं लावली की, मॅडम. कुणी यून धडकू नये म्हणून. मी बिनकाळजीचा न्हाई.”

“चाक बसल्यावर?”

“गेलो कारखान्याला. रांगेतला नंबर निघून जातोय न्हवं.”

“आणि दगड?”

तो इकडंतिकडं बघत म्हणाला, “दगडं कोण काढतंय, मॅडम? सगळीच अशी जात्यात.”

ते खरं होतं. आमच्या गावाकडंही मी तेच बघत आले होते. ट्रॉली निघून जाते आणि तिला राखणारे दगड रस्त्याच्या मधोमध राहतात. अंधूक उजेडात मोटारसायकल त्यावर जाते, माणूस उडून पडतो. मागून जी गाडी थांबते, ती गुन्हेगार ठरते.

ट्रॅक्टरवाल्याला हे कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो “माणूस जगंल न्हवं?” एवढंच विचारत राहिला. गुन्हा त्याच्यावर नोंदवला गेला. फोन करणाऱ्यालाही बोलावलं. त्यानं धडक बघितलीच नव्हती, थांबलेली जीप तेवढी बघितली होती. मॅडम स्वतः फाटकाशी गेल्या आणि जमलेल्या माणसांना तो दगड दाखवला. वडापवाल्याला सोडलं. जाताना तो हवालदारांना म्हणाला, “या एकदा जीपमधनं. पुढची सीट देतो, पैसं मातर घेणार.” त्याची बायको मात्र माझा हात धरून रडली. जखमी माणूस पुढं बरा होऊन घरी गेला.

दुसऱ्या कुणी तिथं केस बंद केली असती. मॅडम म्हणाल्या, “एकाला पकडून रस्त्यावरचे दगड हलणार नाहीत.” त्यांनी आसपासच्या कारखान्यांची माणसं ठाण्यात बोलावली आणि प्रोजेक्टरनं भिंतीवर तो नकाशा दाखवला. एक साहेब म्हणाले, “मॅडम, अपघात म्हणजे शेवटी दैव.” मॅडमनी बटण दाबलं. ठिपके गेले. “उन्हाळ्यात दैव रजेवर जातं का?” त्यांनी शांतपणे विचारलं. पुन्हा दाबलं, ठिपके आले. चहा निवला तरी कुणी कप उचलला नाही.

तोच नकाशा पुढं जिल्ह्याच्या बैठकीत गेला, आणि सगळ्या कारखान्यांना नियम लागू झाला. ट्रॉलीला चमकणारा लाल त्रिकोण. बंद पडली की कारखान्याच्या नंबरवर कळवायचं. निघताना दगड काढायचे आणि मोकळ्या रस्त्याचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. फोटो नाही तर पुढच्या खेपेला ट्रॉली आत घ्यायची नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी आधी शिव्या घातल्या, मग सवय झाली. मॅडमच्या नकाशाची गोष्ट आणि कारखान्याचा तो नंबर वडापवाल्यांपर्यंतही पोचला. पुढच्या हंगामात मी केबिन झाडताना संगणकाच्या पडद्याकडं बघायची. तो चढ जवळजवळ मोकळा दिसायचा.

गुन्हेगार शोधणं म्हणजे तपास, असं मी तोवर समजत होते. एकेक केस वेगळी बघितली की माणसंच चुकलेली दिसतात. सगळ्या एकत्र मांडल्यावर रस्ता दिसतो, आणि तो दुरुस्त करता येतो. हे मी मॅडमकडून शिकले. त्यांना तसं सांगायचं धाडस मला त्यांच्या बदलीच्या दिवशीही झालं नाही.

परवा मी माहेरी त्याच वडापवाल्याच्या जीपनं निघाले होते. चढाला त्यानं करकचून ब्रेक लावला. रस्त्यात दोन दगड होते, कुणी तरी सोडून गेलेले. तो उतरला.

“पावणं, चला की, उशीर हुतोय,” मागून कुणी तरी ओरडलं.

“हुंदे,” तो म्हणाला. दगड उचलून त्यानं चरीत टाकले, रस्त्याचा फोटो काढून कारखान्याच्या नंबरवर पाठवला आणि परत स्टेअरिंगवर बसला. माझ्याकडं बघून हसला.

“अक्का, मॅडमच्या नकाशावरचा एक ठिपका वाचला बगा.”

तो ठिपका कुठल्याच नकाशावर दिसणार नाही. म्हणून इथं लिहिला.