सात सेकंदांतली नावं

युसूफभाई स्टुडिओत शिरले की पहिला सलाम भिंतीवरच्या घड्याळाला करत आणि मगच आम्हा माणसांकडे वळत. "इथला मोठा साहेब थोच हाय," ते म्हणत. "बाकीचे बदलून जातात."

ते बाळापूरहून एसटीनं यायचे. खांद्याला तबल्याची पिशवी, डोक्यावर जाळीची टोपी, दाढेखाली सुपारी. रेडिओवर गाणाऱ्यांना तबल्याची साथ करणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा उद्योग. नोकरी नव्हती. केंद्रानं बोलावलं की यायचं, वाजवायचं, मानधन घ्यायचं आणि पुढच्या बोलावण्याची वाट बघायची. मीही त्यातलीच. महिन्यातले ठरलेले काही दिवस येऊन निवेदन करायचं, बाकीचे दिवस घरी शिकवण्या.

माझ्या पहिल्या दिवशी माझा आवाज इतका कापत होता की तंत्रज्ञानं दोनदा वायर तपासली. युसूफभाई ध्वनिमुद्रण आटोपून निघाले होते, ते थांबले. म्हणाले, "मॅडम, साऱ्या जिल्ह्याले सांगून राहिलो असं समजू नका. एका बाईले सांगा. थे भाकरी थापून राहिली, दोन्ही हात पिठात. तिले वाटलं तरी रेडिओ बंद करता येत नाही. मंग तुमाले कायचं भेव?" मला हसू फुटलं आणि त्याच हसऱ्या आवाजात मी लाल दिवा लागल्यावर पहिलं वाक्य बोलले. आजही माईकसमोर बसले की ती पिठाच्या हातांची बाई माझ्या डोळ्यांसमोर येते.

गाणं संपलं की आम्ही साथीदारांची नावं सांगायचो. अमुक यांनी हार्मोनियमवर, तमुक यांनी तबल्यावर, आणि पुढे गाव. मला ती एक रीत वाटायची. युसूफभाईंचं घर त्या रीतीवर चालतं हे मला पुष्कळ उशिरा कळलं. रेडिओचं मानधन तुटपुंजंच असायचं, पण नाव ऐकलं की कुठल्या गावचं भजनी मंडळ, कुठली शाळा, कुणाच्या घरचं लग्न त्यांना शोधत यायचं. मोर्शीचा एक बागाईतदार तर फक्त नाव आणि गाव ऐकून बाळापुरात आला आणि बसस्टँडवर "रेडिओवाले युसूफभाई कुठं राहतात?" असं विचारत, संत्र्यांची पेटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला. स्वतःच्या लग्नाची गोष्टही ते याच चालीवर सांगत. "सासऱ्यानं आंधी माहं नाव रेडिओवर ऐकलं, मंग पोरगी दिली. आंधी थोबाड पाहलं असतं तं दिली नसती!"

मग वरून धोरण बदललं. स्थानिक कार्यक्रमांची वेळ आखडली. संध्याकाळचा मोठा भाग मुंबईहून यायचा आणि आम्ही तो फक्त जोडून द्यायचा. नवी ध्वनिमुद्रणं थांबली. संग्रहात गाणी भरपूर आहेत, तीच वापरा, असं सांगण्यात आलं. साथीदारांना बोलावण्याचं कारणच उरलं नाही. शिवाय गाणं आणि मुंबईचा कार्यक्रम यांच्यामध्ये एका छोट्या धूनपुरती जागा राहिली. त्यामुळे नावंही गेली.

एका संध्याकाळी मी एक जुनं भावगीत लावलं आणि बाहेर आल्याबरोबर माझा मोबाइल वाजला.

"मॅडम, आत्ता तबला कोण वाजवून राहिलं होतं?"

"तुम्हीच की, युसूफभाई."

"मी तं इथं बाळापुरात चहा पिऊन राहिलो! बायकोले म्हणलं, पाय, मी तिकडं कामाले बी गेलो आन घरी बी हाय. असा चमत्कार कोन्या पीराले जमला नसन." ते हसले. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पण नाव कावून नाही घेतलं?"

मी वेळेचं कारण सांगितलं. त्यांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. एवढं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते अमरावतीला एका खासगी एफएमच्या कचेरीत काम विचारायला गेले आणि तिथला वृत्तान्त सांगायला मुद्दाम केंद्रावर आले. "काय थंडगार जागा हाय, मॅडम! कॉफी पाजली. एक पोट्टी आन एक कम्प्युटर, बस. म्या म्हणलं, बेटा, साजिंदे कुठं बसतात? थे म्हणे, अंकल, सब हार्ड डिस्क में है. म्या म्हणलं, मंग त्याईले चहापाणी कोण देते?" ती मुलगीही हसली होती म्हणे. तिनं त्यांचा नंबर लिहून घेतला. "फोन येनार नाही," युसूफभाई म्हणाले, "पण पोरगी लय चांगली हाय."

ते आले होते खरे दुसऱ्याच कामासाठी. मला घेऊन ते तडक केंद्रप्रमुख साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, धून किती वेळ वाजते?"

"सात सेकंद."

"मंग त्या धूनवरच नावं घ्या ना."

साहेब नवे होते, बाहेरून आलेले, पण माणूस सरळ. "सात सेकंदांत काय होणार? मुंबईची जोडणी एक सेकंदही चुकून चालत नाही."

युसूफभाईंनी मोबाइलवरचं घड्याळ साहेबांसमोर ठेवलं आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. मला म्हणाले, "बोला मॅडम. त्या दिवशीचं गाणं." मी बोलले: "हार्मोनियम, बबनराव इंगळे, मोर्शी. बासरी, नामदेव खंडारे, दर्यापूर. तबला..." वेळ संपली. पुन्हा केलं. पुन्हा तबल्यापाशीच वेळ संपली.

"दोघं बसतात ना? झालं तं मंग," युसूफभाई म्हणाले.

"आणि तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"मले बाळापुरात सारे वळखतात. नामदेवच्या घरी दोन लेकरं शिकून राहिले, त्याले कामाची गरज हाय. आन बबनराव तं अल्लाले प्यारा झाला. त्याचं नाव तं राहिलंच पाह्यजे."

साहेब माझ्याकडे वळले. "घ्या नावं. पण जोडणी चुकली तर तुमच्या ड्यूट्या बंद होतील, हे लक्षात ठेवा. मी तुम्हाला वाचवू शकणार नाही."

मी हो म्हणून बसले. घरी तीन दिवस सराव केला. माझ्या शिकवणीच्या मुलींना बबनराव आणि नामदेव पाठ झाले. सराव करता करता ध्यानात आलं की दोघांची गावं गाळली तर तिसरं नाव बसतं. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी गाणं संपलं, धून सुरू झाली. "हार्मोनियम बबनराव इंगळे, बासरी नामदेव खंडारे, तबला बाळापूरचे युसूफ शेख." शेवटचं अक्षर आणि तंत्रज्ञाचं बटण एकदमच. मुंबईचा आवाज स्वच्छ सुरू झाला. काचेपलीकडून तंत्रज्ञानं अंगठा दाखवला.

पहिला फोन मोर्शीहून केंद्राच्या नंबरवर आला. बबनरावांच्या पत्नी होत्या. "बाई, नाव ऐकू आलं आमच्या ह्यायचं," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दुसरा फोन माझ्या मोबाइलवर. मला वाटलं, युसूफभाई आता गहिवरणार.

"मॅडम, हे काय केलं तुमी? बाळापूर कावून म्हणलं?"

"तुमचं गाव आहे म्हणून."

"मले काढून नामदेवचं गाव टाकाले पाह्यजे होतं ना! निसतं नाव ऐकून लोक त्याले कुठं पायतीन? साऱ्या मुलखात का एकच नामदेव हाय?"

पुढच्या वेळी मी त्यांचं ऐकलं. बबनरावांनंतर नाव नामदेवचं, गाव नामदेवचं. महिन्याभरात दर्यापूरकडच्या एका शाळेनं नामदेवला स्नेहसंमेलनासाठी शोधून काढलं. बासरीला तबला हवाच, म्हणून त्यानं बाळापूरला फोन लावला. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी युसूफभाईंचा मला फोन.

"मॅडम, पोट्ट्याईनं तीन डाव पुन्हा वाजवाले लावलं. साल झालं, मैफलीत बसलो नव्हतो. बोटं अशी दुखून राहिली, कपाची दांडी धरता येत नाही." मग पलीकडून सुपारी चघळल्याचा आवाज. "लय मस्त वाटून राहिलं, मॅडम."